यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्ये नेमका कुठे बसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाकडे सीएच३४० (यूएसबी आणि सिरीयल यांची सांगड घालणारी चिप) बसवलेलं स्वस्त आर्डुइनो नॅनो बोर्ड आहे. उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीला ते जोडलं की एलएसयूएसबी या जोडलेली यूएसबी डिव्हाइसं दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत दिसतं, पण टीटीवाययूएसबी० हा सिरीयल पोर्ट क्षणभर येतो आणि गायब होतो. कोणत्या डिव्हाइसला कोणता ड्रायव्हर (ते चालवणारा कोड) हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कसं ठरवतो आणि हे ड्रायव्हर आत कसे रचलेले असतात, असं त्यांनी विचारलंय. शिवाय एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरवर ते स्वतःचं बोर्ड बनवतायत आणि त्यासाठी कर्नल ड्रायव्हर लिहायचा तर सुरुवात कुठून करायची, हेही त्यांना हवंय.

तिन्हीचं मूळ एकच आहे, म्हणून सलग उत्तर देते. बोलते ते लिनक्सबद्दल. त्याचा सोर्स समोर उघडा आहे, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य तुम्ही स्वतः तपासून पाहू शकता, आणि तसं जरूर पाहा.

आधी एक गोष्ट पक्की करा: यूएसबीमध्ये ड्रायव्हर अख्ख्या डिव्हाइसला जोडला जात नाही, इंटरफेसला, म्हणजे त्यातल्या एकेका कामाच्या भागाला, जोडला जातो. साधा वेबकॅम घ्या. बाहेरून एक वायर, एक प्लग. आत मात्र बहुतेक वेळा चार इंटरफेस असतात: चित्राचं नियंत्रण, चित्राचा प्रवाह, आवाजाचं नियंत्रण, आवाजाचा प्रवाह. पहिले दोन यूव्हीसीव्हिडिओ हा ड्रायव्हर घेतो, उरलेले दोन एसएनडी-यूएसबी-ऑडिओ घेतो, आणि दोघांना एकमेकांची खबरही नसते. जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा एकच असतो, आत मात्र खोलीखोलीत वेगळं बिऱ्हाड, तसंच हे. नियम एकच आणि कडक: एका इंटरफेसवर एका वेळी एकच ड्रायव्हर. तुमच्या नॅनोचं दुखणं याच नियमात दडलंय.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एलएसयूएसबीला टी हा पर्याय देऊन चालवा. नुसत्या यादीऐवजी झाड दिसेल, आणि प्रत्येक इंटरफेससमोर त्याचा ड्रायव्हर लिहिलेला असेल. नाहीतर सिसएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दिसते तिथे) बस, यूएसबी, डिव्हाइसेस या वाटेने आत जा. तिथे १-१.२ अशी नावं दिसतील, आणि त्यांच्या शेजारी १-१.२:१.० अशीही. पहिलं नाव डिव्हाइसचं: बस क्रमांक १, तिच्या मूळ हबचा पोर्ट १, त्यावर लावलेल्या हबचा पोर्ट २. दुसऱ्या नावातला कोलननंतरचा भाग म्हणजे कॉन्फिगरेशन (इंटरफेसांची एक मांडणी) १, इंटरफेस ०. त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ड्रायव्हर नावाची लिंक असेल तर इंटरफेसला मालक आहे, नसेल तर तो मोकळा आहे. कुठलाही यूएसबी घोळ समोर आला की मी सगळ्यात आधी ही लिंक बघते. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आता रचना. तीन थर आहेत.

तळाला होस्ट कंट्रोलरचे ड्रायव्हर. मदरबोर्डवरच्या कंट्रोलर चिपशी बोलायचं काम यांचं. यूएचसीआय, ओएचसीआय हे यूएसबी १ च्या काळातले, ईएचसीआय यूएसबी २.० चा आणि एक्सएचसीआय ३.० पासूनचा. आजच्या लॅपटॉपवर तुम्हाला बहुधा शेवटचाच भेटेल. तुम्ही डिव्हाइसचा ड्रायव्हर लिहिणार असाल तर या थरात डोकावायची गरज जवळपास पडत नाही, आणि रचनेचं खरं यश तेच आहे. यूएसबी ३.० चं स्पेसिफिकेशन नोव्हेंबर २००८ मध्ये आलं. सारा शार्प यांनी लिहिलेला एक्सएचसीआय ड्रायव्हर सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ कर्नलमध्ये दाखल झाला. खालचा थर अख्खा नवा आला, तरी वरचे कीबोर्ड आणि पेन ड्राइव्हचे ड्रायव्हर होते तसेच चालत राहिले.

मधला थर यूएसबीकोअर. डिव्हाइस ओळखणं, त्याला पत्ता देणं, डिस्क्रिप्टर (डिव्हाइसने स्वतःबद्दल दिलेली माहिती) वाचणं, ड्रायव्हर जुळवणं, वीज वाचवणं, डेटाच्या मागण्या खाली पोचवणं, हे सगळं इथे होतं. याचा पहिला गाभा १९९९ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिला. फाइलच्या माथ्यावर त्यांचं नाव आणि ते साल अजून आहे.

वरचा थर इंटरफेस ड्रायव्हरांचा, आणि इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. सोर्समध्ये ड्रायव्हर्स/यूएसबी असं फोल्डर आहे. सगळे यूएसबी ड्रायव्हर तिथेच असतील असं वाटतं, पण तसं नाही. पेन ड्राइव्ह आणि सिरीयल कन्व्हर्टर तिथे सापडतील. कीबोर्ड-माउसचा यूएसबीहिड मात्र हिडच्या फोल्डरमध्ये आहे, वेबकॅमचा मीडियाच्या, यूएसबी-इथरनेटचा नेटवर्कच्या, साउंडकार्डचा साउंडच्या आणि ब्लूटूथ डोंगलचा ब्लूटूथच्या. यामागे विचार आहे. यूएसबी ही फक्त वाहतूक आहे. ड्रायव्हरला दोन तोंडं असतात: खाली यूएसबीकोअरशी बोलणारं आणि वर कर्नलमधल्या आपापल्या सबसिस्टिमशी (व्हिडिओ, आवाज, नेटवर्क अशा विभागाशी) बोलणारं. वेबकॅमच्या ड्रायव्हरमध्ये यूएसबीचं काम थोडं आणि व्हिडिओचं काम बरंच जास्त असतं, म्हणून तो व्हिडिओवाल्यांच्या नजरेखाली राहतो. यूएसबी-स्टोरेजचं उदाहरण याहून बोलकं आहे. वरच्या बाजूने तो चक्क एक स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) अडॅप्टर असल्यासारखा वागतो, म्हणून तुमचा पेन ड्राइव्ह एसडीए, एसडीबी अशा डिस्कच्या नावाने दिसतो. त्यामुळे ड्रायव्हर लिहायला घेताना पहिला प्रश्न यूएसबीचा नसतोच. वरचं तोंड कोणत्या सबसिस्टिमकडे, हा असतो.

प्लग लावल्यापासून ड्रायव्हर बसेपर्यंत काय होतं ते जरा सावकाश बघू, कारण डीमेसेजमधल्या (कर्नलच्या नोंदींमधल्या) ओळी याशिवाय वाचता येत नाहीत.

हब हेसुद्धा एक यूएसबी डिव्हाइसच, आणि त्याला कर्नलमध्ये स्वतःचा ड्रायव्हर आहे. मदरबोर्डवरचे पोर्टसुद्धा मूळ हब म्हणूनच मांडलेले असतात. पोर्टवर काही हाललं की हब ते कळवतो आणि हब ड्रायव्हरचं काम वर्कक्यूमध्ये (मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेत) सुरू होतं. तो लगेच घाई करत नाही. प्लग आत सरकताना संपर्क तुटत-जुळत असतो, म्हणून जोडणी सलग १०० मिलिसेकंद स्थिर दिसेपर्यंत थांबतो. मग पोर्ट रीसेट करतो. रीसेट झालेलं डिव्हाइस पत्ता ० वर ऐकत असतं, त्यामुळे एका बसवर एका वेळी एकाच नवख्याला हाताळता येतं.

पुढे गंमतीशीर अडचण आहे. शून्य क्रमांकाच्या एंडपॉइंटवर (डिव्हाइसमधल्या डेटाच्या वाटेवर) एका पॅकेटमध्ये किती बाइट मावतात हे डिव्हाइसच्या डिस्क्रिप्टरमध्ये लिहिलेलं असतं, पण डिस्क्रिप्टर वाचायचा तर तोच आकडा हवा. म्हणून कर्नल १८ बाइटच्या डिस्क्रिप्टरसाठी मुद्दाम ६४ बाइट मागतो. पहिल्या ८ बाइटमध्येच तो आकडा येतो, तेवढं पुरतं. मग पुन्हा रीसेट, मग पत्ता, मग पूर्ण डिस्क्रिप्टर. ही पद्धत विंडोजच्या पद्धतीशी मुद्दाम जुळवलेली आहे. अनेक स्वस्त डिव्हाइसं फक्त विंडोजवर तपासून बाजारात येतात आणि वेगळ्या क्रमाने विचारलं की गडबडतात. पहिली पद्धत फसली तर कर्नल दुसरी करून बघतो. डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचताना एरर -७१ किंवा -११० अशी ओळ लागोपाठ दिसते ती याच टप्प्यावरची. -७१ म्हणजे वायरवरचा संवादच बिघडला, -११० म्हणजे उत्तरच आलं नाही. इथपर्यंत कोणताही ड्रायव्हर चित्रात आलेला नसतो, म्हणून या एररवर ड्रायव्हर बदलून बघण्यात काही अर्थ नाही. केबल बदला, हब काढा, बोर्डवरचा क्रिस्टल आणि वीजपुरवठा तपासा.

एक छोटी सूचना: एक्सएचसीआयवर प्रत्यक्ष पत्ता कंट्रोलर स्वतः ठरवतो. त्यामुळे डीमेसेजमधला डिव्हाइस नंबर आणि वायरवरचा पत्ता एकच असेल असं धरून चालू नका.

पत्ता मिळाला की कॉन्फिगरेशन निवडलं जातं. हे काम अख्ख्या डिव्हाइसला लागणारा एक सामान्य ड्रायव्हर करतो. इंटरफेसला नव्हे तर डिव्हाइसला लागणारे ड्रायव्हर अगदी मोजके आहेत, त्यातला हा मुख्य. डिव्हाइस किती वीज मागतंय हेही तो बघतो. बाहेरून वीज न घेणाऱ्या हबवर प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच मिळतात. तिथे ५०० मागणारं कॉन्फिगरेशन नाकारलं जातं, आणि डिव्हाइस यादीत दिसूनही त्याला एकही इंटरफेस नसतो. कॉन्फिगरेशन लागल्यावर प्रत्येक इंटरफेस कर्नलच्या डिव्हाइस मॉडेलमध्ये स्वतंत्रपणे नोंदवला जातो, आणि तिथून जुळवाजुळव सुरू होते.

प्रत्येक ड्रायव्हर आपल्यासोबत एक आयडी टेबल आणतो. त्यातली ओळ दोन प्रकारची असू शकते. एक: अमुक व्हेंडर आणि अमुक प्रॉडक्ट क्रमांक. दोन: अमुक क्लासचा, म्हणजे कामाच्या ठरलेल्या प्रकारचा, कोणताही इंटरफेस. हिड, मास स्टोरेज, व्हिडिओ, ऑडिओ हे क्लास ठरलेले आहेत, म्हणूनच कोणत्याही कंपनीचा माउस नवा ड्रायव्हर न मागता चालतो. यात एक बारकावा आहे. डिव्हाइसने स्वतःचा क्लास व्हेंडर-स्पेसिफिक (कंपनीचा स्वतःचा) म्हणून जाहीर केला असेल, तर नुसत्या इंटरफेस क्लासवर जुळवणी होत नाही, टेबलातल्या ओळीत व्हेंडर क्रमांक असावाच लागतो. स्वतःच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) डिव्हाइस क्लासच्या जागी एफएफ, म्हणजे व्हेंडर-स्पेसिफिकचा आकडा, टाकून ‘कर्नल ड्रायव्हर का लावत नाही’ असं विचारणारे बरेच जण भेटतात. कारण हेच.

ड्रायव्हर मॉड्यूल (गरज पडेल तेव्हा कर्नलमध्ये घ्यायचा तुकडा) म्हणून डिस्कवर पडून असेल तर? बिल्डच्या वेळी आयडी टेबलांवरून एक मोठी यादी तयार होते. नवा इंटरफेस आला की कर्नल त्याच्या क्रमांकांची आणि क्लासची एक लांब ओळ यूडेव्ह या डिव्हाइसांची व्यवस्था बघणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवतो, यूडेव्ह यादीत शोधून मॉड्यूल लोड करायला लावतो. मग ड्रायव्हरचं प्रोब हे फंक्शन बोलावलं जातं. प्रोबला नकाराचा हक्क आहे: ‘माझं नाही’ असा एरर दिला की कोअर पुढच्या ड्रायव्हरला विचारतो. काही पेन ड्राइव्ह आणि डिस्क एन्क्लोजर जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धतीने बोलू शकतात. तिथे यूएसबी-स्टोरेज प्रोबमध्ये आधी तपासतो की हे काम नव्या पद्धतीचा यूएएस ड्रायव्हर घेणार आहे का, घेणार असेल तर स्वतः बाजूला होतो.

उलट प्रकारही आहे: एकाच ड्रायव्हरला दोन इंटरफेस हवे असतात. सीडीसी-एसीएम हा मोडेमवजा सिरीयल क्लास घ्या. त्यात नियंत्रणाचा एक इंटरफेस आणि डेटाचा दुसरा. ड्रायव्हरचं प्रोब पहिल्यावर होतं आणि दुसरा तो स्वतःहून मागून ताब्यात घेतो.

व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांकावरच सगळी भिस्त असली की काय होतं, याचं ठळक उदाहरण ऑक्टोबर २०१४ मधलं. एफटीडीआय या यूएसबी-सिरीयल चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा विंडोज ड्रायव्हर अपडेटमधून सगळीकडे पोचला. तो नकली चिप ओळखून तिचा प्रॉडक्ट क्रमांक शून्य करून टाकत होता. चिप धडधाकट, पण तो क्रमांक कुणाच्याच टेबलात नाही, म्हणून ती मुकी. लिनक्समध्ये लगेच ०४०३:०००० ही एक ओळ ड्रायव्हरच्या टेबलात वाढवली गेली आणि त्या चिप पुन्हा चालू लागल्या. थ्रीजी डोंगल घरोघरी होते तेव्हाचा प्रकारही आठवत असेल. डोंगल लावला की आधी सीडी ड्राइव्ह दिसायचा, त्यात विंडोजचं सॉफ्टवेअर. यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्रॅम त्याला इजेक्टसारखा संदेश पाठवायचा, डोंगल स्वतःला तोडून वेगळ्या क्रमांकाने पुन्हा जोडून घ्यायचा, आणि मग कुठे मोडेमचा ड्रायव्हर लागायचा.

आता तुमचा नॅनो. सीएच३४० चा क्रमांक १ए८६:७५२३. एकच इंटरफेस, त्यात तीन एंडपॉइंट: डेटा आत आणणारा बल्क (मोठ्या डेटासाठीचा प्रकार), बाहेर नेणारा बल्क आणि मोडेमच्या सिग्नलांसाठी एक इंटरप्ट. तो इंटरफेस सीएच३४१ नावाचा ड्रायव्हर घेतो, यूएसबीसिरीयल या सामाईक पायावर उभा राहतो आणि टीटीवाययूएसबी० तयार करतो. इथवर सगळं बरोबर चाललंय. पण उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल डिस्प्ले चालवणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम सोबत येतो, आणि त्याच्या यूडेव्ह नियमांत हाच क्रमांक आहे, कारण काही ब्रेल उपकरणांतही हीच चिप असते. क्रमांक चिपचा आहे, तुमच्या बोर्डाचा नाही. नियम जुळला की बीआरएलटीटीवाय सुरू होतो, यूएसबीएफएसमार्फत (प्रोग्रॅमला थेट यूएसबीशी बोलू देणाऱ्या कर्नलच्या सोयीमार्फत) डिव्हाइस उघडतो, सीएच३४१ ला इंटरफेसवरून उठवतो आणि जागा स्वतः घेतो. डीमेसेजमध्ये ही ओळ स्पष्ट सापडेल: इंटरफेस ० सीएच३४१ कडे असताना बीआरएलटीटीवाय कॉन्फिगरेशन १ लावत आहे. तिच्या पाठोपाठ, कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० पासून तुटला.

उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी तो प्रोग्रॅमच काढून टाका असं सांगतात. मशीन फक्त तुमचं असेल तर तसं करा. पण कॉलेजच्या लॅबमधल्या सामाईक मशीनवर कृपा करून ते करू नका. दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्या मशीनवर बसायचं असेल तर तोच प्रोग्रॅम त्याचा आधार आहे. त्याऐवजी बीआरएलटीटीवायची नियमांची फाइल ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये त्याच नावाने कॉपी करा, त्यातली १ए८६:७५२३ ची ओळ कॉमेंट करा आणि यूडेव्हचे नियम पुन्हा लोड करा. ईटीसीमधली फाइल मूळ फाइलवर मात करते, म्हणजे पुढच्या अपडेटने तुमचा बदल पुसला जाणार नाही. यानंतर पोर्ट टिकूनही उघडता येत नसेल तर स्वतःला डायलआउट या सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये घाला.

या घटनेतून यूएसबीएफएस कसा चालतो तेही कळतं. यूजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममधून), म्हणजे लिबयूएसबी ही लायब्ररी वापरून, इंटरफेस ताब्यात घेतला तर कर्नलच्या हिशेबात तिथे यूएसबीएफएस नावाचा ड्रायव्हर बसतो. तोही इतरांसारखाच नोंदवलेला ड्रायव्हर आहे. फरक इतकाच की त्याचं प्रोब नेहमी नकार देतं, आणि कुणी प्रोग्रॅमने मागितलं तरच तो जागा घेतो. एका इंटरफेसला एकच मालक हा नियम म्हणूनच कुठेही मोडत नाही.

आता ड्रायव्हर लिहिण्याबद्दल. डेटाची प्रत्येक देवाणघेवाण यूआरबी नावाच्या स्ट्रक्चरमधून होते: कोणता एंडपॉइंट, कोणता बफर, किती बाइट, आणि काम झालं की कोणतं फंक्शन बोलवायचं. यूआरबी सादर केला की तो कोअरमधून होस्ट कंट्रोलरकडे जातो आणि सादर करणारं फंक्शन लगेच परत येतं. यूएसबीमध्ये डिव्हाइस स्वतःहून कधी बोलत नाही, होस्टने विचारलं तरच बोलतं. इंटरप्ट एंडपॉइंटसुद्धा प्रत्यक्षात ठरलेल्या अंतराने होस्टने विचारण्याचाच प्रकार आहे. म्हणजे वाचायचं असेल तर यूआरबी आधीच लावून ठेवलेला हवा. चांगले ड्रायव्हर वाचनाचे किमान दोन यूआरबी लावून ठेवतात. एक पूर्ण होऊन पुन्हा सादर होईपर्यंत दुसरा हजर असतो. एकच ठेवला तर मधल्या फटीत डिव्हाइसचा छोटा बफर भरून डेटा गळतो, आणि माणूस तो दोष फर्मवेअरमध्ये शोधत बसतो.

पूर्णत्वाचं फंक्शन अशा संदर्भात चालतं जिथे झोपता, म्हणजे वाट पाहत थांबता, येत नाही. तिथे म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्यायचा नाही, आणि मेमरी मागताना न झोपणारा पर्यायच द्यायचा. त्यात स्टेटस नीट वाचा. -२, -१०४, -१०८ म्हणजे यूआरबी मुद्दाम रद्द झाला किंवा डिव्हाइस बंद होतंय: गप परत फिरा, पुन्हा सादर करू नका. -३२ म्हणजे एंडपॉइंट अडकला, तो मोकळा करावा लागतो, पण ते काम झोपू शकतं म्हणून वर्कक्यूकडे द्या. -७१ फसवा आहे. प्लग उपसला की हबने ते कळवेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि त्या वेळात प्रत्येक यूआरबी -७१ देऊन परत येतो. ड्रायव्हर तो लगेच पुन्हा सादर करत राहिला तर लॉग हजारो ओळींनी भरतो आणि एक प्रोसेसर त्यातच गुंततो. थोडं थांबून, मोजक्या वेळाच प्रयत्न करा.

बफरबद्दल एकच आग्रह: तो केमॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनने स्वतंत्र घ्या, स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत) ठेवू नका. कंट्रोलर त्या बफरवर थेट डीएमए करतो, म्हणजे प्रोसेसरला वगळून मेमरी वाचतो-लिहितो. ४.९ कर्नलपासून एक्स८६ वर स्टॅक व्हर्च्युअल मेमरीत गेला आणि स्टॅकवरचे बफर वापरणारे कितीतरी जुने ड्रायव्हर, विशेषतः टीव्ही ट्यूनरचे, एका झटक्यात मोडले. बफर आपल्या स्ट्रक्चरच्या पोटात ठेवणंही टाळा. काही आर्म बोर्डांवर तो शेजारच्या फील्डसोबत एका कॅशलाइनमध्ये (प्रोसेसर एकदम उचलतो त्या मेमरीच्या तुकड्यात) येतो, आणि डीएमएच्या वेळी शेजारचं फील्ड बिघडतं. हा बग लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही आणि प्रत्यक्ष बोर्डवर दिवस खाईल.

मी कुणाचाही ड्रायव्हर तपासायला घेतला की प्रोबच्या आधी डिस्कनेक्ट (डिव्हाइस निघालं की चालणारं फंक्शन) वाचते. प्रोब सगळे नीट लिहितात, कारण तो चालल्याशिवाय डेमो होत नाही. खरी परीक्षा ही: प्रोग्रॅमने डिव्हाइस फाइल उघडून ठेवलीय, एक रीड अडकलेला आहे, आणि त्याच क्षणी कुणी वायर उपसली. डिस्कनेक्ट बोलावला जातो, पण फाइल अजून उघडी आहे. डिस्कनेक्टमध्येच स्ट्रक्चर मोकळं केलंत, तर पुढच्या रीडला किंवा क्लोजला मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागणार आणि कर्नल कोसळणार. म्हणून स्ट्रक्चरला संदर्भांची मोजणी ठेवा: प्रोबचा एक, प्रत्येक ओपनचा एक. डिस्कनेक्टने फक्त ‘गेलं’ अशी खूण करायची, यूआरबी मारायचे, वाट पाहणाऱ्यांना जागं करायचं आणि आपला संदर्भ सोडायचा. शेवटचा संदर्भ सुटेल तेव्हा मेमरी मोकळी होईल. खूण तपासणं आणि यूआरबी सादर करणं या दोन्ही गोष्टी एकाच म्युटेक्सखाली हव्यात, नाहीतर दोहोंच्या मधल्या फटीत डिस्कनेक्ट घुसतो. सोर्समध्ये यूएसबी-स्केलेटन नावाची नमुना फाइल आहे, ती नेमकं हेच शिकवते. नेटवरचे जुने धडे टाळा. २.४ कर्नलच्या काळात प्रोबला डिव्हाइस आणि इंटरफेसचा नुसता क्रमांक मिळायचा, आता इंटरफेसचं स्ट्रक्चर मिळतं. तो कोड आज कंपाइलच होणार नाही.

आणि डिस्क्रिप्टरवर विश्वास ठेवू नका. ‘पहिला एंडपॉइंट बल्क-इन असणारच’ असं गृहीत धरणारे ड्रायव्हर खूप होते. २०१७ मध्ये आंद्रे कोनोवालोव्ह यांनी सिझकॉलर या बग शोधणाऱ्या साधनाने खोटी, वेडीवाकडी डिव्हाइसं कर्नलला दाखवायला सुरुवात केली आणि ड्रायव्हरांमधले डझनावारी बग बाहेर आले. त्यांतल्या बऱ्याच बगांचं मूळ असल्याच गृहीतकात होतं. हवे ते एंडपॉइंट शोधून देणारी फंक्शनं कोअरमध्ये तयार आहेत, तीच वापरा, आणि न सापडल्यास प्रोबमधून नकार द्या. हा धोका पुस्तकी नाही. पेन ड्राइव्हचं फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्ड असल्याचं सोंग घ्यायला लावता येतं, हे २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत दाखवलं होतं. सार्वजनिक ठिकाणच्या मशीनवर नव्या डिव्हाइसला परवानगीशिवाय ड्रायव्हर लागू नये अशी सोय सिसएफएसमधल्या ऑथराइज्ड_डिफॉल्ट आणि ऑथराइज्ड या फाइलींनी करता येते.

तुमच्या पुढच्या कामात कदाचित दोन कॅमेरे येतील, म्हणून आयसोक्रोनसबद्दल (ठरलेल्या वेळेला सतत वाहणाऱ्या डेटाबद्दल) एवढंच: कॅमेरा आधीच बँडविड्थ राखून ठेवतो, आणि यूएसबी २.० मध्ये अशा राखीव वाहतुकीला प्रत्येक १२५ मायक्रोसेकंदाच्या चौकटीचा जास्तीत जास्त ८० टक्के भाग मिळतो. एकाच हबवर दुसरा कॅमेरा लावला की ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असा -२८ एरर येतो. डिस्क साफ करायला धावू नका, संपली आहे ती बसवरची जागा. रिझोल्यूशन कमी करा किंवा कॅमेरा दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टवर लावा.

आता एसटीएम३२ च्या बोर्डाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कर्नल ड्रायव्हर लिहू नका. सेन्सरचे आकडे लॅपटॉपवर आणायचे असतील तर फर्मवेअरमध्ये सीडीसी-एसीएम क्लास जाहीर करा. लिनक्सवर टीटीवायएसीएम० आपोआप येईल, विंडोज १० वरही वेगळा ड्रायव्हर लागणार नाही, आणि पायथनमधून साध्या सिरीयल पोर्टसारखं वाचता येईल. यूएसबीच्या फुल-स्पीड या वेगाला ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ बल्क पॅकेटं एका मिलिसेकंदात मावतात, म्हणजे कागदावर सेकंदाला सुमारे १२ लाख बाइट. त्याच्या निम्मे मिळाले तरी सेन्सरसाठी पुरेसे आहेत. पॅकेटची स्वतःची रचना हवी असेल तर व्हेंडर-स्पेसिफिक इंटरफेस ठेवा आणि लिबयूएसबीने बोला. तिथे चूक झाली तर तुमचा प्रोग्रॅम पडेल, मशीन नाही. क्रमांक मात्र दुसऱ्याचा उचलू नका, त्याने काय होतं ते तुमच्या नॅनोवर दिसलंच आहे. प्रकल्प ओपन सोर्स असेल तर पीआयडी.कोड्स या साइटवर १२०९ या व्हेंडरखाली प्रॉडक्ट क्रमांक मागता येतो.

कर्नल ड्रायव्हरची खरी गरज तेव्हाच, जेव्हा वरचं तोंड कर्नलच्याच एखाद्या सबसिस्टिमकडे असायला हवं: तुमचं बोर्ड नेटवर्क कार्ड, साउंडकार्ड किंवा डिस्क म्हणून दिसायला हवं आणि त्यासाठी ठरलेला क्लास चालण्यासारखा नसेल तेव्हा.

शिकण्यासाठी लिहायचाच असेल तर जरूर लिहा, त्यात फार आनंद आहे. त्या वेळी यूएसबीमॉन हे यूएसबीची वाहतूक नोंदवणारं मॉड्यूल लोड करा आणि वायरशार्क या ती वाहतूक दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तुमच्या बोर्डाची बस उघडा. प्रत्येक यूआरबीच्या दोन नोंदी दिसतील, एक सादर केल्याची आणि एक पूर्ण झाल्याची. सुरुवातीला नॅनोवरच बघा: आर्डुइनोमधून ‘हॅलो’ पाठवा आणि ते अक्षर-अक्षर कोणत्या यूआरबीमधून आलं ते शोधा. मग नॅनो चालू असतानाच वायर उपसा आणि शेवटच्या दहा नोंदींचे स्टेटस वर सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. तिथे काही अडलं तर त्या नोंदी, डीमेसेज आणि एलएसयूएसबीचं झाड अशा तीन गोष्टी सोबत द्या, म्हणजे नेमकं सांगता येईल.